माजी विद्यार्थी भेटले, तर काय विचाराल?

शाळेच्या हीरकमहोत्सवाची स्मरणिका हातात पडली की पालक मुख्याध्यापकांचे मनोगत ओलांडून थेट ‘आमचे माजी विद्यार्थी’ या पानावर जातात. कोणी ॲमस्टरडॅमला, कोणी तहसीलदार, कोणी नामांकित कंपनीत संचालक. शेजारी नववीतला मुलगा बसलेला असतो. “बघ, तुझ्याच शाळेतला!” असे म्हणून पान त्याच्यापुढे सरकवले जाते. मुलाला कळते ते इतकेच, की आपण अजून काहीच केलेले नाही.

हल्ली हे काम बॅचचे व्हॉट्सॲप ग्रुप रोजच्या रोज करतात. बढती, गृहप्रवेश, लेकीचा परदेशातला प्रवेश. बोलणारे मूठभर असतात, बाकीचे अंगठा दाखवून गप्प. त्या गप्प बसलेल्यांत स्पर्धा परीक्षेच्या चौथ्या प्रयत्नात अडकलेला असतो, धंदा गुंडाळलेली असते, आणि तालुक्याच्या गावी उत्तम गॅरेज चालवून दोन भावंडांना शिकवणाराही असतो. आपले काय सांगायचे, असे त्याला वाटते. मला विचाराल तर मुलाला आधी त्याच्याकडे न्यावे.

शिवाय बातमी त्या दिवसापुरतीच खरी असते. डॉ. श्रीराम लागू हे पुण्याच्या भावे हायस्कूलचे विद्यार्थी. साठच्या दशकात त्यांच्या वर्गाने स्मरणिका काढली असती तर त्यांच्या नावापुढे ‘कान-नाक-घसा तज्ज्ञ, टांझानिया’ असे छापून आले असते, आणि कितीतरी पालकांनी मुलांना तेच दाखवले असते. १९६९मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, ते पूर्णवेळ नाटकात आले; ‘नटसम्राट’ पुढच्या वर्षी. पण यावरून ‘आधी डॉक्टर हो, मग हवे ते कर’ असा सोयीचा अर्थ काढू नये. वैद्यकीय महाविद्यालयात असल्यापासून ते नाटक करत होते, हे त्या एका ओळीत मावले नसते, एवढेच.

न मावणारी दुसरी गोष्ट पैशाची. शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर गिरगावच्या युनियन हायस्कूलचे. १९६०च्या शालान्त परीक्षेत ते महाराष्ट्रात अकरावे आले, तरी घरच्या गरिबीमुळे पुढचे शिक्षण अडले होते. सर दोराबजी टाटा ट्रस्टची महिना ६० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून ते शिकू शकले. गुणवत्ता यादी सर्वांना दिसते, शिष्यवृत्तीचा अर्ज कोणी आणून दिला ते दिसत नाही. आजही आठवीतल्या एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षेतून निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, आणि परीक्षा होऊन गेल्यावर तिचे नाव ऐकणारे पालक मी पाहते.

म्हणून माजी विद्यार्थी भेटला की ‘पॅकेज किती?’ हा प्रश्न गिळून टाका. शिकायला एकूण खर्च किती आला, कर्ज किती होते, हप्ते कधी फिटले, मध्ये रिकामे वर्ष गेले का, तेव्हा घर कोणी चालवले, हे विचारा. सोमवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत नेमके काय काम असते, हे मुलाने विचारावे. आणि शेवटी एक प्रश्न हमखास विचारा: तुझ्याबरोबर सुरुवात केलेले बाकीचे आज कुठे आहेत? अधिकारी झालेल्याची मुलाखत सगळेच ऐकतात, त्याच्या खोलीतल्या तिघांचे काय झाले ते कोणी विचारत नाही. यूपीएससीला खुल्या प्रवर्गासाठी ६ प्रयत्न आणि ३२ वर्षांची वयोमर्यादा आहे. म्हणजे पदवीनंतरची जवळजवळ दहा वर्षे तिथे जाऊ शकतात. कुठे थांबायचे हे आधी ठरवलेले होते का, हे त्या तिघांकडूनच कळेल.

नावापुढच्या पदवीने रस्ताही झाकला जातो. ‘बी.ई.’ झालेल्यांत दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा करून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेलेले पुष्कळ असतात. अकरावी-बारावी करून जाणाऱ्याला लागतात तेवढीच, दहावीनंतर सहा वर्षे. शिवाय मध्येच थांबावे लागले तर हाताशी नोकरीपुरते शिक्षण असते. दोन वर्षांच्या आयटीआयनंतरही डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाट आहे. आयटीआय म्हणजे शिक्षण संपले, असे मानणाऱ्या पालकांनी त्या वाटेने गेलेला एखादा तरी माजी विद्यार्थी शोधावा.

शोधताना पाच-सात वर्षे पुढे असलेले बघा. २०००च्या सुमारास बारावीच्या गुणांवर इंजिनिअरिंगला गेलेल्या काकांचा सल्ला प्रेमाचा असेल, पण एमएचटी-सीईटी, जेईई आणि नीटच्या आजच्या व्यवस्थेत तो फारसा कामाचा नाही. त्यांच्याकडून नोकरीतले चढउतार ऐका. प्रवेशाचे विचारायला नुकते बाहेर पडलेले बरे. ग्रुपवर नसलेल्यांचा पत्ता जुन्या वर्गशिक्षकांना ठाऊक असतो, आणि त्यांच्याहून जास्त शाळेच्या शिपाईमामांना.

हे सगळे निकालाच्या आठवड्यात करायला गेलात तर घाई होते, मुलगा ऐकत नाही आणि तुम्हीही ऐकत नाही. बाहेरगावी गेलेली मुले गणपतीला, दिवाळीला घरी येतात. यंदा मुलगा दहावीत असेल तर तेव्हाच दोघा-तिघांना चहाला बोलवा. एखादा वेगळ्या शाखेचाही असू द्या. आणि चहा देऊन झाला की तुम्ही आत जा.