नंदीच्या डोंगराचे फाटक

साताऱ्या-कोल्हापूरकडचे पालक मुलाला भेटायला बंगळुरूला आले, की रविवारी पहाटे नंदी हिल्सला जायचा बेत हमखास ठरतो. अंधारात निघायचे, सूर्योदयाआधी वर पोहोचायचे आणि पायाखालचे ढग बघायचे. डोंगराची उंची 1,478 मीटर. कॅडेट मित्रांना तो इतिहासाच्या तासामुळे ठाऊक असतो: ऑक्टोबर 1791 मध्ये कॉर्नवॉलिसच्या फौजेने वेढा घालून हा किल्ला टिपूकडून घेतला. आज मात्र आपण त्याच्याकडे भूगोलाच्या तासाला बघू. संकट आले की पर्यटनाचे धोरण काय करते, हे समजायला याहून जवळचे उदाहरण नाही.

2021 साली हा डोंगर लागोपाठ दोनदा बंद झाला. जुलैत कोविडची दुसरी लाट ओसरली, निर्बंध सैल झाले आणि घरात कोंडलेले शहर डोंगराकडे धावले. गर्दी इतकी झाली, की जिल्हा प्रशासनाने शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ प्रवेशच थांबवला. पुढच्याच महिन्यात, 24 ऑगस्टच्या रात्री, मुसळधार पावसात दरड कोसळली आणि वर जाणाऱ्या रस्त्याचा एक भाग वाहून गेला. त्यानंतर डोंगर पर्यटकांसाठी उघडला तो 1 डिसेंबरला, वाहनांच्या संख्येवर मर्यादा घालून.

वरवर पाहता दोन्ही वेळा फाटकच लावले. पण नीट बघा. पहिल्या वेळी डोंगर ठीक होता, धोका माणसांकडून माणसांना होता. म्हणून गर्दीचे तीन दिवस वगळून बाकी आठवडा चालू ठेवता आला. दुसऱ्या वेळी रस्ताच गेला होता. तिथे वार पाहून भागणार नव्हते. फाटक लावणे तासाभराचे काम आहे. ते कधी, किती जणांसाठी उघडायचे आणि मधल्या काळातला तोटा कोणी सोसायचा, हे ठरवताना धोरणाची खरी परीक्षा होते.

तोट्याचेच बघू. 28 जून 2021 रोजी केंद्र सरकारने पर्यटन व्यवसायासाठी कर्जहमीची योजना जाहीर केली. मान्यताप्राप्त प्रवासी कंपनीला 10 लाखांपर्यंत आणि परवानाधारक मार्गदर्शकाला 1 लाखापर्यंत कर्ज, हमी सरकारची. देशभरातले सुमारे 10,700 मार्गदर्शक त्यात धरले होते. मदत मोलाची होती, पण ते कर्ज होते, अनुदान नव्हे. आणि ज्याचे नाव सरकारी यादीत, त्यालाच ते मिळणार. फाटकाबाहेर भाजलेली कणसे विकणारी बाई, पार्किंगमध्ये गाड्या लावून देणारा पोरगा यांची नावे कुठल्या यादीत असतील? माझ्या मते पर्यटन धोरणातली सर्वांत मोठी फट हीच आहे. संकटात सर्वांत आधी ज्याची चूल विझते, तो कागदावर पर्यटन व्यवसायात नसतोच.

आता थोडे पश्चिमेला, जनरल थिमय्यांच्या कोडगूत जाऊ. ऑगस्ट 2018 च्या अतिवृष्टीत तिथे मक्कंदूर, जोडुपाल या भागांत डोंगर खचले, घरे गाडली गेली, मडिकेरीहून मंगळुरूला जाणारा रस्ता तुटला. बचावकार्यात लष्कराचे जवान उतरले आणि प्रशासनाने पर्यटकांना बंदी केली. ती योग्यच होती. जो रस्ता रुग्णवाहिकेला पुरत नाही, त्यावर सहलीच्या गाड्या नकोत. पण कोडगूत कॉफीच्या मळ्याला जोडून घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी बंदी उठली त्या दिवशी संकट संपले नव्हते. लोकांची भीती सरकारी आदेशाने जात नाही.

मग संकट येण्याआधीच काही करता येते का? येते. प्रत्येक जागेची एक धारणक्षमता असते: किती माणसे, किती गाड्या, किती कचरा ती जागा झेलू शकते. तुमच्या पाठीवरच्या पिट्टूसारखेच हे. वजन ठरलेले असते, हौस म्हणून वाढवत नाहीत. म्हैसूर-बंडीपूरमार्गे उटीला गेलेल्यांनी ई-पास काढला असेल. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने तो मे 2024 पासून लागू झाला. पहिल्या वर्षी फक्त नोंद होती. एप्रिल 2025 पासून हंगामासाठी आकडा ठरला: निलगिरीत रोज 6,000 वाहने, शनिवार-रविवारी 8,000. आधी मोजा, मग मर्यादा घाला, हा क्रम मला पटतो. व्यापाऱ्यांची नाराजीही समजण्यासारखी आहे, कारण कमी गाड्या म्हणजे कमी गिऱ्हाईक, निदान सुरुवातीला तरी.

नंदीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. अर्कावती नदी इथेच उगम पावते. हेसरघट्टा आणि तिप्पगोंडनहळ्ळी हे तिच्यावरचे दोन जलाशय. एकेकाळी बंगळुरूचे पाणी तिथूनच येत असे. वर फेकलेली बाटली आणि खचलेली माती पावसाबरोबर खाली येते.

पुढच्या भेटीच्या रविवारी नंदीला जाल, तेव्हा एक काम करा. पायथ्याला अर्धा तास थांबून वर जाणाऱ्या गाड्या मोजा, दुचाकी वेगळ्या, चारचाकी वेगळ्या. वर पार्किंगच्या जागा मोजा. आणि कणीस घेताना विक्रेत्याला विचारा, 2021 च्या त्या तीन महिन्यांत घर कसे चालवले. तिन्ही उत्तरे वहीत लिहून आणा. पुढच्या तासाला नकाशा त्यांवरूनच काढू.