सार्वजनिक आरोग्य : केवळ दवाखान्याचा प्रश्न नव्हे

आरोग्य म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दवाखाना, डॉक्टर आणि औषधाची बाटली उभी राहते. आजाऱ्याला औषध हवेच, याबद्दल वाद नाही. परंतु दूषित पाण्यामुळे जुलाब झालेले मूल औषधाने बरे होऊन घरी येते आणि पुन्हा तेच पाणी पिते. अशा वेळी दोष औषधाचा की पाणीपुरवठ्याचा? शासनाच्या सर्वच खात्यांच्या धोरणांशी जनतेचे आरोग्य कसे निगडित आहे, याचा विचार समाजबांधवांनी व विशेषतः विद्यार्थ्यांनी करावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

धम्माची शिकवण

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्या घाणीत पडून होता व त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाच्या साहाय्याने त्याला स्वतः धुतले आणि नीट निजविले. पण ते एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी भिक्खूंना एकत्र करून आजाऱ्याची सेवा कोणी करावी याचा नियम घालून दिला : उपाध्यायाने, आचार्याने, शिष्याने, आणि यांपैकी कोणी नसेल तर संघाने. येथे करुणा नियमात उतरली. यालाच आजच्या भाषेत धोरण म्हणतात.

दीघनिकायातील कूटदंत सुत्तात राजा महाविजिताची कथा येते. राज्यात चोऱ्या-दरोडे वाढले असता पुरोहित त्याला सांगतो की, नुसत्या शिक्षेने हे थांबणार नाही. शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल व सेवकाला योग्य वेतन द्यावे. मग प्रजा निर्भय होईल. दुःखाचे मूळ शोधून तेथे उपाय करावा, ही धम्माची रीत आहे. सम्राट अशोकाने दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या व पशूंच्या चिकित्सेची सोय नोंदविली आणि त्याच लेखात विहिरी व रस्त्याकडेची झाडेही नोंदविली. औषध आणि पाणी त्याने वेगळे मानले नाही.

बाबासाहेबांचे कार्य

प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आरोग्यमंत्री कधीच नव्हते. तरीही श्रमिकांच्या आरोग्यासाठी त्यांनी केलेले कार्य मोठे आहे. 1928 साली मुंबई विधिमंडळात स्त्री-कामगारांच्या प्रसूतिलाभ विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. 1929 साली तो कायदा झाला. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूर खात्याचे सदस्य होते. 1944 साली कोळसा खाणींतील मजुरांसाठी कल्याण निधी उभारण्यात आला. 1946 साली कारखान्यातील कामाचे आठवड्याचे तास 54 वरून 48 वर आले. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्यासाठी 1943 साली प्रा. अदारकर यांची नेमणूक झाली होती. त्या पायावर 1948 साली राज्य विमा कायदा झाला आणि 1952 साली कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. विश्रांती, वेतन आणि बाळंतपणाची रजा हीदेखील औषधेच आहेत, हे यावरून दिसते.

संविधानाचे कलम 47 याच दृष्टीने वाचावे. जनतेचे पोषणमान व राहणीमान उंचावणे आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे, असे ते सांगते. म्हणजे अन्न, राहणी व आरोग्य एकाच कलमात गुंफलेले आहेत. शाळेतील भोजनाचेच पाहा. 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. वरकरणी हे शिक्षण खात्याचे काम. पण त्यामुळे मूल शाळेतही येते आणि त्याच्या पोटातही चार घास जातात.

कागद आणि पाणी

मात्र धोरण जाहीर झाले म्हणजे काम झाले, असे समजू नये. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 साली संमत केला. महाड नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरी आपल्या माणसांना पाण्याचा एक थेंबही मिळाला नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला आणि उच्च न्यायालयाचा निकाल 1937 साली लागला. ठराव कागदावर होता. पाणी ओंजळीत यायला संघर्ष लागला.

आजचे दुःखद उदाहरण गटारात उतरणाऱ्या बांधवांचे आहे. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध 1993 व 2013 साली कायदे झाले. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू पावलेल्याच्या कुटुंबास 10 लाख रुपये देण्याचा आदेश दिला. 2023 साली ती रक्कम 30 लाख करण्यात आली. परंतु भरपाई मृत्यूनंतर मिळते. मृत्यू टाळायचा तर नगरपालिकेने यंत्रे घ्यावी लागतात, ठेकेदारावर कारवाई व्हावी लागते, त्या कुटुंबांना दुसरा रोजगार मिळावा लागतो आणि मुलांना शिष्यवृत्ती वेळेवर पोहोचावी लागते. यांपैकी एकही काम आरोग्य खात्याचे नाही. पण एकही राहिले तरी माणूस मरतो. शिवाय या मृत्यूचे मूळ जातिव्यवस्थेत आहे, हे विसरून चालणार नाही.

आपले कर्तव्य

म्हणून आरोग्य शिबिर भरविणे हे चांगले काम असले तरी पुरेसे नाही. आपल्या वस्तीत नळाला किती वेळ पाणी येते, नळाची वाहिनी गटाराजवळून जाते काय, अंगणवाडीत आहार मिळतो काय, रेशनवर धान्य पूर्ण मापाने मिळते काय, सफाईचे काम कोण व कोणत्या साधनांनी करतो, याची नोंद विद्यार्थ्यांनी वहीत करावी. सभासदांनी ती नोंद घेऊन ग्रामसभेत, प्रभागात व संबंधित खात्यात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकाराचा 2005 चा कायदा वापरावा.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हा मार्ग आपल्याला ठाऊक आहे. आरोग्याच्या बाबतीतही मार्ग तोच आहे.

जय भीम!