गाव तेच, राज्यं पाच

आपला जिल्हा कोणता? वर्धा. आपलं राज्य कोणतं? महाराष्ट्र. ही उत्तरं आज लहान मूलही देतं. पण हाच प्रश्न तुमच्या पणजोबांना कुणी विचारला असता, तर उत्तर निराळं आलं असतं. त्यांच्या पणजोबांना विचारला असता, तर त्याहून निराळं. गाव हललं नाही, विहीर हलली नाही, पण राज्याचं नाव मात्र चार वेळा पालटलं. ते कसं, ते या पाठात वाचू या.

पहिलं राज्य नागपूरकर भोसल्यांचं. वर्धा नदीच्या दोन्ही तीरांवर त्यांचा अंमल चाले. १८०३ साली इंग्रजांशी त्यांची लढाई झाली. भोसले हरले. देवगावला तह झाला आणि नदीच्या पश्चिमेकडचा मुलूख त्यांच्या हातून गेला. तो निजामाकडे गेला. तेव्हापासून आपली वर्धा नदी ही सरहद्द झाली. अलीकडे भोसल्यांचं राज्य, पलीकडे निजामाचा वऱ्हाड. मधे पाणी तेवढं एकच. लेकीबाळी इकडून तिकडे दिलेल्या होत्या, त्या तशाच नांदत राहिल्या.

१८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी भोसले वारले. त्यांना मुलगा नव्हता. वारस नाही म्हणून इंग्रजांनी राज्यच खालसा केलं. खालसा करणं म्हणजे सरकारजमा करणं. पुढे १८६१ साली इंग्रजांनी मध्यप्रांत नावाचा मोठा प्रांत केला. नागपूर ही त्याची राजधानी. हे आपलं दुसरं राज्य.

आता एक गंमत ऐका. त्याच १८६१ साली सात समुद्रांपलीकडे अमेरिकेत यादवी सुरू झाली. तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत गुलामांच्या कष्टावर कापूस पिके. साउथ कॅरोलायना हे राज्य सगळ्यांत आधी फुटून निघालं, मागून दुसरी निघाली. लढाई जुंपली. उत्तरेच्या आरमारानं त्यांची बंदरं अडवली. कापूस बाहेर पडेना. विलायतेतल्या गिरण्या बंद पडू लागल्या. मग गिरणीवाल्यांची नजर इकडे वळली. हिंगणघाटचा कापूस तर नावाजलेलाच होता. भाव चढले. ज्यानं अमेरिकेचं नाव ऐकलं नव्हतं, त्या कास्तकाराच्या पऱ्हाटीला अमेरिकेतल्या लढाईनं भाव आणला! १८६५ साली लढाई संपली आणि भाव कोसळले. ज्यांनी तेजी पाहून कर्ज काढलं होतं, ते बुडाले. कापसाचा भाव आपल्या शिवारात ठरत नाही, हे वऱ्हाड-नागपूरकडच्या माणसानं तेव्हापासून सोसलं आहे.

याच कापसाच्या धामधुमीत आपला जिल्हा जन्मला. १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून तो वेगळा काढला. कचेरी आधी पुलगावजवळ कवठ्याला होती. मग १८६६ साली पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी नवं शहर आखलं आणि नदीचं नाव त्याला दिलं. तेच वर्धा. पुढल्याच साली, १८६७ मध्ये, मुंबईची आगगाडी नागपूरला पोचली. बंड्यांतून आठवडेच्या आठवडे जाणारा कापूस गाडीनं जाऊ लागला.

मध्यप्रांतात इंग्रजांनी एक गोष्ट केली, ती नीट समजून घ्या. कारण तिचे कागद आजही निघतात. गावचा सारा गोळा करणाऱ्याला त्यांनी गावाचा मालक ठरवलं. त्याला मालगुजार म्हणत. पडीक जमीन त्याची, झाडं त्याची, तळं त्याचं, घराखालची आबादीसुद्धा त्याची. नदीपलीकडे वऱ्हाडात तसं नव्हतं. तिथं कास्तकाराचं नाव सरकारच्या दप्तरात असे आणि तो थेट सरकारात सारा भरी. एकाच नदीचे दोन काठ, पण इकडचा माणूस कूळ आणि तिकडचा खातेदार. १९०३ साली वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला, तरी हा फरक राहिलाच.

गांधीजी १९३६ साली ज्या शेगावला राहायला गेले, तिथले मालगुजार होते जमनालाल बजाज. बुलढाण्याकडच्या शेगावशी टपालाचा घोटाळा होई, म्हणून १९४० साली या गावाचं नाव सेवाग्राम झालं. त्याच साली पवनारला विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. १९४२ च्या जुलैत वर्ध्यालाच काँग्रेसच्या कार्यकारिणीनं इंग्रजांना 'चालते व्हा' म्हणणारा ठराव केला. ऑगस्टात आष्टीला लोक पोलीसठाण्यावर गेले. गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं मेली. या सगळ्यावर वेगळा पाठ हवा. इथं एवढंच पुरे.

स्वराज्य आलं. १९५० साली मध्यप्रांत-वऱ्हाडाचं नाव मध्यप्रदेश झालं. राजधानी नागपूरच. हे तिसरं राज्य. कारभाराच्या भाषा दोन, हिंदी आणि मराठी. याच राज्यानं मोठं काम केलं. मालगुजारी मोडण्याचा कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ पासून ती संपली. पडीक, तळी, आबादी सरकारकडे आली.

मग भाषेप्रमाणे प्रांत करायचं ठरलं. १९५३ साली फाजलअली आयोग नेमला. त्यानं १९५५ साली सांगितलं, विदर्भाचं वेगळं राज्य करा. तसं झालं नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्याला जोडले. ते चौथं राज्य. त्यात मराठी आणि गुजराती दोघेही होते. तिकडे संयुक्त महाराष्ट्रासाठी मोठी चळवळ झाली, शंभराहून जास्त माणसं त्यात गेली. शेवटी १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. हे पाचवं. नागपूरची राजधानी गेली, म्हणून हिवाळ्यात विधानसभेचं अधिवेशन तिथं भरवू लागले. एवढ्यानं सगळ्यांचं समाधान झालं असं नाही. वेगळ्या विदर्भाची मागणी अजून ऐकू येते.

म्हणजे पाहा, १९४५ साली जन्मलेली एखादी आजी एकाच घरात राहून चार राज्यांत राहिली. वयाची पंधरा वर्षं पुरी होईतो हे सारं झालं!

आता कागदाकडे येऊ. राज्य बदललं की दप्तर बदलतं. मध्यप्रदेशात जो पटवारी होता, तो महाराष्ट्रात तलाठी झाला. आपल्याकडची जुनी माणसं त्याला अजून पटवारीच म्हणतात. १५ ऑगस्ट १९६७ पासून साऱ्या राज्याला जमीन महसुलाचा एक कायदा लागू झाला. पण त्यात काही कलमं फक्त विदर्भासाठी ठेवली आहेत. ती आहेत निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांची. नावं अवघड आहेत खरी. निस्तारपत्रकात लिहिलेलं असतं की गावची गुरं कुठं चरायची, सरपण कुठून आणायचं, मुरूम-माती कुठून काढायची. वाजिब-उल-अर्जात वहिवाट लिहिलेली असते. दुसऱ्याच्या खाजगी जमिनीतून जाण्याची वाट, पाण्याचा हक्क, मासे धरण्याचा हक्क, असं.

मालगुजाराच्या काळी गावकरी हे हक्क तोंडी सांगत आणि कागद दुसराच कुणी वाची. आता ज्याला अक्षर येतं, त्यानं स्वतः वाचावं. आपल्या गावचं निस्तारपत्रक तहसील कचेरीत अर्ज करून नक्कल मागता येतं. वर्गातल्या चौघांनी मिळून अर्ज लिहावा. अर्जात गावाचं नाव, तालुका आणि कोणत्या कागदाची नक्कल हवी ते स्पष्ट लिहावं. नक्कल आली की ती वर्गात मोठ्यानं वाचावी, आणि चराईची जी जागा तिच्यात लिहिली आहे, ती शिवारात जाऊन पाहून यावी.