सुरक्षित दिव्याचा इतिहास आणि त्याचा बोध

प्रकाश हे ज्ञानाचे प्रतीक आहे, असे आपण प्रत्येक कार्यक्रमात म्हणतो. तथागतांच्या आणि परमपूज्य बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती प्रज्वलित केल्याशिवाय आपला कोणताही समारंभ सुरू होत नाही. परंतु ज्या दिव्याच्या उजेडात आपल्या आधीच्या दोन-तीन पिढ्या शिकल्या, त्या प्रत्यक्ष दिव्याचा इतिहास आपण फारसा अभ्यासलेला नाही. परळच्या चाळीतील एका खोलीत विद्यार्थी भीमरावांनी पहाटे उठून रॉकेलच्या दिव्याजवळ अभ्यास केला, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. आपल्या ज्येष्ठ माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या पुस्तकांवरही चिमणीची काजळी बसलेली असेल. त्याच चिमणीने कित्येक झोपड्या जाळल्या आणि कित्येक मुलींच्या व मातांच्या अंगावर जन्माचे व्रण ठेवले, हेही तितकेच खरे आहे.

अशी दुर्घटना घडली की समाज दोनच उत्तरे देत आला. एक म्हणजे 'नशीब', आणि दुसरे म्हणजे 'बाईचा किंवा पोराचा निष्काळजीपणा'. दिव्याची घडणच सदोष असेल काय, आणि असल्यास ती कोणी सुधारावी, हा तिसरा प्रश्न क्वचितच विचारला गेला. ज्यांनी तो विचारला, त्यांच्या प्रयत्नांचा हा संक्षिप्त परामर्श आहे.

चिमणी पेट का घेते?

घासलेटची चिमणी म्हणजे पत्र्याचा लहान डबा किंवा औषधाची रिकामी बाटली. झाकणाला भोक पाडायचे, त्यातून चिंधीची वात ओवायची आणि पेटवायची. काच नाही, बैठक नाही. या साध्या रचनेत तीन दोष आहेत. ती हलकी व उंच असल्यामुळे साध्या धक्क्याने कलंडते. झाकण सैल असल्यामुळे कलंडताच तेल सांडते. आणि ज्योत उघडी असल्यामुळे सांडलेल्या तेलाला, पदराला किंवा गोधडीला ती तत्काळ भिडते. अंगावरचे कापड नायलॉनचे किंवा पॉलिस्टरचे असेल, तर ते वितळून कातडीला चिकटते आणि जखम अधिक खोल जाते.

यामागील विज्ञानही समजून घेतले पाहिजे. द्रवरूप रॉकेल स्वतः जळत नाही. जळते ती त्याची वाफ. वात तेल वर ओढून घेते, ज्योतीच्या उष्णतेने त्याची वाफ होते आणि ती वाफ पेटत राहते. ज्या किमान तापमानाला तेलावरची वाफ ठिणगीने पेटू शकते, त्याला ज्वलनबिंदू म्हणतात. भारतीय मानकानुसार रॉकेलचा ज्वलनबिंदू ३५ अंश सेल्सिअसपेक्षा कमी असता कामा नये. पेट्रोलचा ज्वलनबिंदू मात्र शून्याच्याही पुष्कळ खाली, उणे ४० अंशांच्या आसपास असतो. म्हणून रॉकेलमध्ये थोडेसे पेट्रोल मिसळले गेले तरी दिव्याच्या पोटात पेटाऊ वाफ साठते आणि भडका उडतो. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२ ते ४५ अंशांवर जातो. अशा दिवसांत उन्हात ठेवलेले शुद्ध रॉकेलही सुरक्षित राहत नाही. पेटत्या दिव्यात तेल ओतू नये, असे जुनी माणसे सांगत, त्याला हे शास्त्रीय कारण आहे.

काच आणि कंदील

ज्योतीभोवती काच बसवण्याची सुधारणा युरोपात १७८० च्या दशकात आर्गां या स्विस संशोधकाच्या दिव्यामुळे रूढ झाली. काचेच्या नळीमुळे हवेचा प्रवाह नियमित झाला, उजेड वाढला आणि ज्योतीला आडोसा मिळाला. १८५० च्या दशकात रॉकेलचे दिवे प्रचारात आले. पुढे १८६८ मध्ये अमेरिकेत जॉन आयर्विन याने दोन्ही बाजूंच्या पोकळ नळ्यांतून ज्योतीला हवा पुरवणारा कंदील तयार केला. आपल्याकडे घरोघरी ओळखीचा झालेला कंदील याच जातीचा. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत ओगले काच कारखान्याने बनवलेला 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रातील जुन्या पिढीच्या चांगल्या स्मरणात आहे.

कंदिलाची रचना नीट पाहिली, तर चिमणीच्या प्रत्येक दोषाला त्यात उत्तर सापडते. तेलाची टाकी तळाशी आणि रुंद असल्यामुळे भार खाली राहतो. तेल भरण्याच्या तोंडाला फिरकीचे झाकण असते. ज्योतीभोवती काच आणि काचेभोवती तारेची जाळी असते. कडी असल्यामुळे तो खुंटीला टांगता येतो, म्हणजे लहान मुलांच्या हातापासून दूर राहतो.

मग प्रत्येक घरात कंदीलच का नव्हता? याचे उत्तर विज्ञानात सापडत नाही, अर्थकारणात सापडते. कंदील विकत घ्यावा लागे, त्याची काच फुटली की पुन्हा पैसे लागत. चिमणी मात्र टाकाऊ डब्यातून फुकट होत असे. शेतमजुराच्या घरी एखादा कंदील असलाच, तर तो पाहुण्यासाठी किंवा रात्री शिवारात जाणाऱ्या पुरुषासाठी असे. चुलीजवळ बाई आणि कोपऱ्यात अभ्यास करणारे मूल यांच्या वाट्याला चिमणीच येई. सुरक्षित साधन अस्तित्वात होते. ते सर्वांपर्यंत पोचले नव्हते. सुरक्षित दिव्याच्या इतिहासातील हा कळीचा मुद्दा आहे.

खाणीतील दिवा : शोध कोणाचा, लाभ कोणाचा?

हाच मुद्दा इंग्लंडच्या कोळसाखाणींत अधिक ठळकपणे दिसतो. २५ मे १८१२ रोजी ईशान्य इंग्लंडमधील फेलिंग येथील खाणीत स्फोट होऊन ९२ जण मृत्युमुखी पडले. त्यांत लहान मुलेही होती. खाणीत साठणारा मिथेन वायू कामगारांच्या उघड्या दिव्यांनी पेटत असे. या दुर्घटनेनंतर सुरक्षित दिव्याचा शोध जोमाने सुरू झाला.

१८१५ मध्ये सर हम्फ्री डेव्ही या नामवंत रसायनशास्त्रज्ञाने ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसवली. एका चौरस इंचात ७८४ छिद्रे असलेली ती जाळी होती. वायू जाळीतून आत येऊन पेटला, तरी जाळीचा धातू उष्णता शोषून घेतो आणि ज्योत बाहेर जाऊ शकत नाही, हे त्याचे तत्त्व. डेव्हीने या शोधाचे पेटंट घेतले नाही, ही त्याची उदारता नोंदवली पाहिजे.

त्याच वर्षी किलिंगवर्थच्या खाणीत यंत्रे सांभाळणाऱ्या जॉर्ज स्टीफन्सननेही सुरक्षित दिवा तयार केला आणि स्वतः धोका पत्करून खाणीत तपासून पाहिला. खाणीवरील इंजिनाच्या भट्टीवर राबणाऱ्या मजुराचा हा मुलगा. अठरा वर्षांचा होईपर्यंत त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. पुढे रात्रशाळेत जाऊन तो शिकला. डेव्हीला दोन हजार पौंडांचे पारितोषिक मिळाले, स्टीफन्सनच्या वाट्याला शंभर गिनी आल्या. इतकेच नव्हे, तर अशिक्षित माणसाला असा शोध लागणे शक्यच नाही, त्याने कल्पना चोरली असली पाहिजे, असा आरोप डेव्हीच्या पक्षाने केला. बुद्धी ही विशिष्ट घराण्यांची मक्तेदारी आहे, हा समज केवळ आपल्या देशातील नाही, हे यावरून दिसते. स्टीफन्सनने आपल्या मुलाला, रॉबर्टला, चांगल्या शाळेत घातले, आणि पुढे पितापुत्रांनी रेल्वेच्या इतिहासात नाव मिळवले.

दिवा आला, पण मृत्यू थांबले काय? १८३५ च्या ब्रिटिश संसदीय समितीपुढे आलेली आकडेवारी अंतर्मुख करणारी आहे. डरहॅम व नॉर्थंबरलँड या परगण्यांत दिव्यापूर्वीच्या अठरा वर्षांत ४४७ कामगार दगावले होते. दिवा आल्यानंतरच्या अठरा वर्षांत ही संख्या ५३८ झाली. सुरक्षित दिवा मिळाल्यामुळे मालकांनी पूर्वी धोकादायक म्हणून सोडून दिलेल्या थरांत माणसे उतरवली. खर्चिक वायुवीजनाकडे दुर्लक्ष झाले. शिवाय जाळीचा उजेड मंद पडे. जितका कोळसा तितकी मजुरी असल्यामुळे काही कामगार उजेडासाठी जाळी काढत, आणि स्फोट झाला की दोष त्यांच्याच माथी येई.

उपकरण एकटे माणसाचा जीव वाचवू शकत नाही. त्याच्यामागे न्याय्य मजुरी, तपासणी आणि कायदा उभा असावा लागतो. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी डिसेंबर १९४३ मध्ये झरियाच्या कोळसाक्षेत्राला भेट दिली आणि कामगारांची स्थिती प्रत्यक्ष पाहिली. पुढच्याच वर्षी, १९४४ मध्ये, कोळसाखाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. कामगाराचे कल्याण मालकाच्या मर्जीवर न सोडता ते कायद्याच्या आधाराने उभे करावे, ही त्यामागील दृष्टी होती.

श्रीलंकेतील 'सुदीप'

आता आपल्या शेजारच्या बौद्ध देशातील उदाहरण पाहू. श्रीलंकेतील शल्यचिकित्सक डॉ. विजय गोडाकुंबुरा यांच्याकडे भाजलेले रुग्ण सतत येत. त्यांतील कित्येक जण बाटलीच्या दिव्याने भाजलेले असत. आपल्या चिमणीचीच ही सिंहली बहीण. शस्त्रक्रिया करून रुग्ण घरी जाई, पण घरी तोच दिवा त्याची वाट पाहत असे. डॉक्टरांनी जखमेवरून नजर उचलून दिव्याकडे पाहिले. १९९० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी 'सुदीप', म्हणजे चांगला दिवा, तयार केला.

या दिव्यात कोणतेही गुंतागुंतीचे यंत्र नाही. तो बुटका आणि जड आहे, म्हणून सहसा कलंडत नाही. त्याच्या दोन बाजू सपाट आहेत, म्हणून कलंडलाच तर गडगडत जात नाही. झाकण धातूचे व फिरकीचे आहे, म्हणून तेल सांडत नाही. काच जाड आहे, म्हणून पडला तरी सहजी फुटत नाही. आणि किंमत इतकी कमी ठेवली, की गरिबाला तो घेता यावा. कंदिलाने न सोडवलेला प्रश्न या शेवटच्या गुणाने सोडवला. असे काही लाख दिवे घरोघरी पोचले. १९९८ मध्ये या कार्यासाठी डॉ. गोडाकुंबुरा यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला.

कारणाचा शोध

दुःख आहे, दुःखाला कारण आहे, आणि कारण नाहीसे केले की दुःख नाहीसे होते, ही तथागतांची शिकवण आपण वंदनेच्या वेळी स्मरतो. डॉ. गोडाकुंबुरा यांनी केलेले काम याच विचारसरणीतले आहे. भाजलेल्या मुलीचे नशीब खोटे, असे म्हणणाऱ्याला पुढे काहीच करायचे उरत नाही. ती निष्काळजी होती, असे म्हणणारा उपदेश करून मोकळा होतो. दिवा का कलंडला, असे विचारणाऱ्याला मात्र दिव्याचा तळ रुंद करण्याची बुद्धी होते. यात प्रज्ञा आहे आणि करुणाही आहे. कारण सदोष वस्तूचा दोष पीडितावर ढकलणे हा दुहेरी अन्याय आहे.

आज आपण काय करावे?

आज बहुतेक गावांत वीज आली आहे आणि रेशनवरचे रॉकेल बहुतेक ठिकाणी बंद झाले आहे. तथापि वीटभट्टीवरच्या, ऊसतोडीच्या आणि पालांवरच्या वस्त्यांत उघडा दिवा अजून जळतो. भारनियमनाच्या रात्री मेणबत्ती लागते. बुद्धपौर्णिमा, भीमजयंती आणि महापरिनिर्वाणदिनी आपण शेकडो मेणबत्त्या एकत्र लावतो. म्हणून काही गोष्टी प्रत्येक विहारात आणि घरात पाळाव्यात.

मेणबत्त्या वाळू भरलेल्या पसरट धातूच्या ताटात लावाव्यात. लाकडी मेजावर किंवा प्लास्टिकच्या फुलांजवळ लावू नयेत. पडदे, पताका आणि ओढणी यांच्यापासून ज्योत दूर असावी. झोपण्यापूर्वी प्रत्येक दिवा विझवावा. दिव्यात तेल भरायचे ते विझवून व थंड झाल्यावर, दिवसाउजेडी. जळत्या तेलावर पाणी टाकू नये, त्याने आग पसरते. वाळू, माती किंवा झाकण टाकावे. कपड्यांनी पेट घेतल्यास धावू नये. जमिनीवर लोळावे, किंवा जाड सुती कापडाने अथवा घोंगडीने ज्वाळा दाबाव्यात. भाजलेल्या भागावर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. दंतमंजन, शाई, तूप, हळद यांपैकी काहीही लावू नये. स्वच्छ कापडाने झाकून दवाखान्यात न्यावे.

माजी विद्यार्थ्यांना एक नम्र विनंती आहे. आपल्यापैकी अनेक जण आज अभियंते, डॉक्टर, अधिकारी आहेत. आपापल्या तालुक्यात जिथे मूल अजून उघड्या दिव्याखाली अभ्यास करते, तिथे एक सौर कंदील पोचवावा. आणि ती वस्ती विजेच्या जोडणीवाचून का राहिली, याचा लेखी अर्जही संबंधित कार्यालयात द्यावा. कंदिलाने आजची रात्र सुरक्षित होईल, अर्जाने पुढच्या रात्रींचा प्रश्न सुटेल. दोन्ही कामे आपलीच आहेत.

नमो बुद्धाय! जय भीम!