कोळशाखालचं शिसं

रेल्वेच्या उघड्या वाघिणीचं मॉडेल बनवणाऱ्यापुढे खरा प्रश्न एकच असतो: वजन लपवायचं कुठे? बंद डब्यात काहीही कोंबता येतं. आपल्या कोळसा वाहणाऱ्या बॉक्सएनला मात्र छतच नाही. एचओ, म्हणजे 1:87 प्रमाणात तिची लांबी कपलर सोडून साधारण 112 मिमी होते. अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनचा आडाखा असा: सुरुवातीचे 28 ग्रॅम आणि लांबीच्या दर इंचाला आणखी 14. म्हणजे ही वाघीण 90 ग्रॅमच्या आसपास हवी. प्लॅस्टिक शीटचा सांगाडा त्याच्या जवळपासही जात नाही.

त्यात आपलं ब्रॉडगेज 1676 मिमीचं. प्रमाणात ते 19.3 मिमी व्हायला हवं, पण बाजारात मिळणारा एचओचा रूळ 16.5 मिमीचा. एवढ्याशा पायांवर 37 मिमी रुंदीची पेटी! हलकी राहिली तर वळणावर आडवी झालीच म्हणून समजा.

मग सगळे तेच करतात. तळाशी शिशाचे छर्रे पसरायचे, वर कोळशाची चुरी आणि त्यावर पाणी घालून पातळ केलेला सुतारकामाचा पांढरा गोंद. ओळखीतल्या मंडळींच्या बिघडलेल्या वाघिणी दुरुस्तीला माझ्याकडे येतात, त्यातली एक अशीच होती. दारांच्या कड्या पितळी तारेच्या, गंजाचा रंग असा की बोटाला लागेल असं वाटावं. पण दोन्ही बाजू मधोमध फुगलेल्या, कोपऱ्याचा सांधा उकललेला, फटीतून पांढरी भुकटी गळतेय. मालकाला वाटत होतं, उन्हाने वाकली.

ऊन बिचारं निर्दोष होतं. पांढऱ्या गोंदातून अ‍ॅसिटिक आम्ल हळूहळू सुटत राहतं आणि ते शिशाला खातं. पुढे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून लेड कार्बोनेट तयार होतं, त्याला मूळ शिशापेक्षा जास्त जागा लागते. आपली दमट हवा या कामाला हातभारच लावते. आधी काहीच दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा सांधा गेलेला असतो.

अशी वाघीण तुमच्याकडे असेल तर भुकटी फुंकू नका, कोरड्या ब्रशने झाडूही नका. ती विषारी आहे. मास्क आणि हातमोजे घाला, ओल्या फडक्याने टिपून घ्या, फडकं पिशवीत बांधून टाका आणि घरात लहान मूल असेल तर हे काम त्याच्यापासून लांबच उरका. नवी बनवताना मी शिसं वापरतच नाही. पोलादी पट्टीचे तुकडे तळाला इपॉक्सीने बसवतो. शिसंच हवं असेल तर ते इपॉक्सीत पूर्ण बुडवा, म्हणजे वरचा गोंद त्याला शिवणार नाही. छर्‍यांवर नुसता थेंब टाकून भागत नाही.

वजनाच्या बरोबरीने बोगी, म्हणजे पेटीखालचे चाकांचे गाडे, बघा. एक बोगी सगळीकडे हलू द्या, दुसरी फक्त वळेल आणि पुढे-मागे डोलेल इतपत स्क्रू कसा. दोन्ही सैल ठेवल्या तर पेटी झुलते, दोन्ही घट्ट केल्या तर रुळाच्या जराशा उंचसखल सांध्यावर चाक वर उचललं जातं. हे सगळं रंगाआधी, उघड्या सांगाड्यावर तपासायचं. रंगवलेली वाघीण उलटी धरून स्क्रू पिळताना कड्या तुटतातच, आणि त्या पुन्हा बसवण्याइतकं कंटाळवाणं काम दुसरं नाही.

आकड्यांचं जाता जाता सांगतो. वाघिणीचा क्रमांक अकरा आकडी असतो आणि शेवटचा आकडा आधीच्या दहांवरून हिशेबाने येतो. मनाला येईल तो लिहिलात तर इतर कुणाला कळणार नाही, पण मालगाडीवर नोकरी केलेले एखादे काका चष्मा पुसून बरोबर तिथेच बोट ठेवतील. खऱ्या वाघिणीचा फोटो समोर ठेवून क्रमांक उतरवून घ्या.