पर्जन्याचे मोजमाप आणि आकड्यांचा अर्थ

आपल्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांची घरे कोरडवाहू शेतीवर चालतात. जून उजाडला की पालकांशी होणाऱ्या बोलण्यात पहिला प्रश्न पावसाचाच असतो. ‘अमुक मंडळात ६५ मिलिमीटर’ असे वर्तमानपत्रात छापून येते, तेव्हा हा आकडा येतो कोठून आणि त्याने आपल्या रानाविषयी नेमके काय कळते, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

१ मिलिमीटर पाऊस म्हणजे सपाट जमिनीवर पडलेले पाणी मुरले नाही, वाहिले नाही, आटले नाही, तर साचणारा १ मिलिमीटर जाडीचा थर. एका चौरस मीटरवर हे पाणी बरोबर १ लिटर भरते; एका एकरावर सुमारे ४,००० लिटर. म्हणजे ६५ मिलिमीटर पावसात एकरी अडीच लाख लिटरांहून अधिक पाणी उतरते. बांध का फुटतात, याचा उलगडा या गुणाकारात आहे.

पर्जन्यमापकाचे तोंड लहान असो वा मोठे, भांड्याच्या बाजू सरळ असल्या तर पाण्याची उंची सारखीच येते. बादली वर रुंद व खाली निमुळती असल्याने तिच्यातील उंची फसवी असते. २०० चौरस सेंटिमीटर तोंडाच्या मापकात १ मिलिमीटर पावसाचे २० मिलिलिटर पाणी जमते; ते अंशांकित नळीत ओतून मोजतात.

जागेचे महत्त्व आम्ही चुकीतून शिकलो. आरंभी आम्ही सरळ बाजूंचा डबा वसतिगृहाच्या गच्चीवर ठेवला होता. उंचावर वारा थेंब उडवून नेतो, त्यामुळे आमचे आकडे नेहमी कमी येत. मापकाचे तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर असावे आणि झाड वा भिंत तिच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावी, हा नियम आम्ही नंतर पाळला.

दिवसाचा हिशेब सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा धरतात. ९ तारखेच्या रात्री कोसळलेला पाऊस म्हणूनच १० तारखेच्या नावे नोंदला जातो. नुकसानीचा अर्ज लिहिताना हे ध्यानात नसेल, तर शेतकरी खरे बोलूनही कागदावर खोटा ठरतो!

महसुली व्यवहारात मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर वा अधिक पाऊस झाल्यास अतिवृष्टी मानतात. मंडळ मोठे, मापक एका जागी. वळवाचा पाऊस तर एका शिवारात धो धो पडतो आणि ओढ्यापलीकडे धूळ उडते. समजा, दोन मंडळांत ९० आणि १० मिलिमीटर पाऊस झाला. सरासरी ५० येते, आणि ती दोन्हीकडच्या अनुभवाशी जुळत नाही. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या आठ तालुक्यांची मिळून जी सरासरी छापतात, तिची गत याहून वेगळी नाही.

हवामान खाते दीर्घकालीन सरासरीहून १९ टक्के कमी ते १९ टक्के अधिक पावसास ‘सामान्य’ म्हणते. २० ते ५९ टक्के घट म्हणजे ‘तूट’. मात्र हंगामाची बेरीज सामान्य असूनही पीक जाऊ शकते, कारण कपाशी-सोयाबीनला बेरीज कळत नाही, खंड कळतो. म्हणून एकूण आकड्याशेजारी पावसाचे दिवस, म्हणजे किमान २.५ मिलिमीटर पाऊस झालेले दिवस, मोजावेत. २०१२ च्या अवर्षणात आपल्या जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या, ते ज्यांनी पाहिले त्यांना हे वेगळे सांगायला नको. पेरणीसाठीही ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईतो थांबण्याचा कृषी खात्याचा सल्ला असतो. पहिल्या सरीवर तिफण धरणाऱ्यावर अनेकदा दुबार पेरणीची पाळी येते.

ज्या माजी विद्यार्थ्यांना गावी अशी नोंदवही ठेवावयाची असेल, त्यांनी कोरड्या दिवशीही ० लिहावे. शून्याचा अर्थ मोजले आणि पाऊस नव्हता. रिकाम्या घराचा अर्थ त्या दिवशी कोणी मोजलेच नाही.