नागपूरच्या पाण्यावर छोट्या युद्धनौकांची लढाई भरवता येईल का?

प्रश्न : परदेशातले काही हौशी लोक रिमोटवर चालणाऱ्या छोट्या युद्धनौका तळ्यात सोडतात, एकमेकींवर छर्रे झाडतात आणि खरोखर बुडवतात, असे आठवीतल्या माझ्या मुलाने मला दाखवले. माझे मोटर रिवाइंडिंगचे दुकान आहे, त्यामुळे हात शिवशिवत आहेत. समुद्रापासून इतक्या दूर नागपुरात अशा हौशी मंडळींचा मेळावा भरवता येईल का? की हे खूळ सोडून द्यावे?
(एक वाचक, प्रतापनगर, नागपूर)

उत्तर : सोडून मुळीच देऊ नका. मेळावा भरवता येईल. मात्र पहिल्या मेळाव्यात तोफा नकोत, आणि त्याचे कारण पुढे सविस्तर सांगतो.

आधी हा खेळ कसा चालतो ते पाहू. 1970 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये तो आकाराला आला. साधारण 1900 ते 1946 या काळातल्या खऱ्या युद्धनौका निवडायच्या आणि त्या 1:144 या प्रमाणात बांधायच्या. बुडाचा सांगाडा भक्कम असतो, पण दोन फासळ्यांमधल्या जागेवर जेमतेम 0.8 मिलिमीटर जाडीची बाल्सा लाकडाची पातळ पट्टी चिकटवलेली असते. तोफेतून कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने साडेचार मिलिमीटरचे छर्रे सुटतात, ते या पट्टीला भोके पाडतात आणि पाणी आत शिरते. नौकेत एक छोटा पंप असतो. पाणी येण्याचा वेग पंपाच्या आवाक्यात असेपर्यंत नौका तरते, तो वेग वाढला की बुडते. तळाशी गेलेली नौका सापडावी म्हणून तिला दोरी बांधून तरंगता बिल्ला जोडलेला असतो. वर काढायची, निथळायची, नवी पट्टी लावायची आणि पुन्हा पाण्यात सोडायची.

गुण मोजण्याची पद्धत फार आवडण्यासारखी आहे. लढाई संपली की नौकेची भोके मोजतात. अमेरिकेतल्या प्रचलित नियमांत पाण्याच्या रेषेच्या वरच्या भोकाला 10 गुण, नेमके रेषेवरच्या भोकाला 25 आणि रेषेखालच्या भोकाला 50 गुण मिळतात. दारूगोळा संपला म्हणून लगेच काठाला पळता येत नाही. तसे जाहीर करायचे आणि पुढची पाच मिनिटे रिकाम्या तोफांनिशी शत्रूच्या माऱ्यात तग धरायचा. सुकाणूवरचा खरा हात या पाच मिनिटांत कळतो. काठावरच्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मा लागतो, त्यात कुणालाही सूट नाही.

आता कोणती नौका बांधावी? माझे उत्तर तयार आहे : आयएनएस दिल्ली. मूळची ही ब्रिटिश बनावटीची ‘अकिलीस’. 13 डिसेंबर 1939 रोजी दक्षिण अमेरिकेजवळच्या रिव्हर प्लेटच्या लढाईत आणखी दोन क्रूझर्सच्या जोडीने तिने ‘ग्राफ श्पे’ या बलाढ्य जर्मन नौकेशी झुंज दिली. 1948 साली भारताने ती घेतली. 1950 मध्ये पंडित नेहरू हिच्यावरूनच इंडोनेशियाला गेले, आणि 1961 च्या गोवा मुक्तीच्या कारवाईत दीवसमोर हिच्या तोफा धडाडल्या. 1956 साली रिव्हर प्लेटच्या लढाईवर इंग्रजी चित्रपट निघाला, त्यात ‘अकिलीस’चे काम खुद्द आयएनएस दिल्लीने केले. म्हणजे या खेळाच्या कालखंडात बसणारी आणि आपला तिरंगा मिरवलेली नौका हाताशी असताना परक्या नौका कशाला शोधायच्या?

तिचा हिशेब करून पाहा, मुलालाही गणित गोड वाटेल. खरी लांबी सुमारे 169 मीटर. 144 ने भागा, 117 सेंटिमीटर येतात. रुंदी साधारण पावणेसतरा मीटर, म्हणजे मॉडेल पावणेबारा सेंटिमीटर रुंद. वजनाला मात्र 144 ने भागून चालत नाही, 144 च्या घनाने भागावे लागते, कारण लांबी, रुंदी आणि खोली तिन्ही घटतात. तो घन जवळजवळ 30 लाख. सात हजार टनांहून थोडे अधिक वजन असलेली नौका मग अडीच किलोच्या आसपास येते. या अडीच किलोत बॅटरी, मोटर, सुकाणूचा सर्व्हो, पंप आणि सांगाडा असे सगळे बसवायचे. ते पाण्याच्या रेषेखाली, जितके तळाशी ठेवता येईल तितके ठेवायचे. वजन वर चढले की पहिल्याच वळणाला नौका कलंडते. इतकी लांब आणि अरुंद क्रूझर नवख्याला त्रास देते, हे खरे. पण तुमचा हात तारा गुंडाळण्यात बसलेला आहे, जमेल.

प्लायवूड लकडगंजात मिळेल. बाल्सा मात्र विमानांच्या मॉडेलचे सामान विकणाऱ्यांकडून मागवा. रेडिओ 2.4 गिगाहर्ट्झचाच घ्या. या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या उपकरणांना 2005 पासून आपल्याकडे वेगळा परवाना लागत नाही, आणि जुन्या क्रिस्टलच्या रेडिओसारखे एकाच्या रिमोटने दुसऱ्याची बोट पळाली असे होत नाही. फक्त लक्षात ठेवा, या लहरी पाण्यातून जात नाहीत. रिसीव्हरची तार डेकच्या वर हवी. नौका बुडायला लागली की संपर्क तुटणार, तेव्हा संपर्क तुटताच मोटर आपोआप बंद होईल अशी सोय आधीच करून ठेवा.

आता तोफांबद्दल. हवेच्या किंवा वायूच्या दाबावर छर्रे उडवणारी हत्यारे आपल्याकडे शस्त्र कायदा, 1959 आणि शस्त्र नियम, 2016 यांच्या कक्षेत येतात. बाजारातली एअरगन विकत घेणे वेगळे आणि घरच्या लेथवर नळी कातून नवे हत्यार बनवणे वेगळे. खेळण्याच्या नावाखाली दुसरी गोष्ट करू नका, आणि आठवीतल्या मुलाच्या हातून तर नकोच. कधीकाळी तोफांचा विचार केलात, तर आधी पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत लेखी विचारा आणि लेखी उत्तर येईपर्यंत थांबा.

तोफांवाचून लढाई फिकी होते, असे मला वाटत नाही. नाळेवर टाचणी आणि मागे फुगा बांधून एकमेकांचे फुगे फोडण्याचा खेळ मॉडेल बोटींचे हौशी लोक पूर्वीपासून खेळतात, त्यात सुकाणूचे कसब पुरेपूर लागते. दुसरी वाट टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो तसल्या अवरक्त किरणांची. तोफेच्या जागी या किरणांचा दिवा आणि नौकेच्या दोन्ही कुशींना ते टिपणारे संवेदक बसवायचे, मारा लागला की मोटरचा वेग उतरत जाईल असा छोटा प्रोग्राम लिहायचा. शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुले हे काम हौसेने करून देतील.

माणसे कुठून आणायची? नागपूर समुद्रापासून दूर असले, तरी एनसीसीचे नौदल युनिट इथे आहे. नौदल शाखेच्या छात्रांना जहाजांची मॉडेल बांधायला शिकवतात, आणि अखिल भारतीय नौसैनिक शिबिरात त्याची स्पर्धा असते. म्हणजे बाल्सा कापता येणारी, नौकेचा आराखडा वाचता येणारी तरुण मुले या शहरात आहेत. शिबिर संपल्यावर ते कौशल्य वाया जाऊ नये, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. युनिटच्या अधिकाऱ्यांना भेटा, माजी छात्रांपर्यंत निरोप पोचवा. मेळाव्याचे बीज तिथेच आहे, हे मी ठामपणे सांगतो.

जागेचा प्रश्न सर्वांत अवघड. अंबाझरी तलाव डोळ्यांसमोर येतो, पण तो मोठा आणि खोल आहे. तिथे बोट बंद पडली की आणायला दुसरी बोट लागते, शिवाय जलपर्णी प्रॉपेलरला गुंडाळते. शेततळे सोयीचे वाटेल, पण प्लास्टिकचे अस्तर असलेल्या शेततळ्याचा उतार इतका निसरडा असतो की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. अशा तळ्यांत माणसे गेली आहेत. मुलांना तिथे नेऊ नका, माझा स्पष्ट विरोध आहे. गणेश विसर्जनासाठी महापालिका कृत्रिम टाक्या बसवते, तसली टाकी तोल आणि पंप तपासायला उत्तम. लढाईला मात्र अपुरी पडेल, कारण नौका सेकंदाला मीटरभर सहज जाते. कमरेइतक्या पाण्याचा जलतरण तलाव अर्ध्या दिवसासाठी भाड्याने मिळाला तर त्यासारखे काही नाही. बुडालेली नौका हाताने उचलता येते.

दिवस जानेवारी-फेब्रुवारीतला धरा. डिसेंबरमध्ये विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनामुळे पोलीस बंदोबस्तात गुंतलेले असतात, परवानगीचा कागद अडून राहतो. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात लिथियम बॅटऱ्या उघड्यावर ठेवणे धोक्याचे. एरवीही त्या सावलीत ठेवा आणि शेजारी वाळूची बादली असू द्या.

पहिल्या वेळी चार नौका आणि आठ माणसे जमली तरी पुष्कळ झाले. नागपूर, वर्धा, भंडारा भागात कुणी रिमोटची बोट बांधली असेल, किंवा एनसीसीच्या नौदल शाखेत जहाजांची मॉडेल केली असतील, तर त्यांनी या सदराच्या पत्त्यावर पत्र टाकावे. प्रतापनगरच्या या वाचकांशी त्यांची गाठ घालून देण्याचे काम आम्ही करू.